पाठराखीण

मी प्रमिला खुटवड. तीस वर्षं ट्यूबलाइटच्या तारांना पांढरा लेप लावला आणि गेली सहा वर्षं तोच लेप उपग्रहांच्या तारांना लावते. मधल्या काळात मी कुणी शास्त्रज्ञ झालेले नाही. दहावी पास होते, तेवढीच आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मी इलेक्ट्रॉन म्हटलं की लोक माझ्याकडे टकामका बघणार नाहीत.

ट्यूबच्या दोन्ही टोकांना आत एक वेटोळी तार असायची. नुसती तार तापवून इलेक्ट्रॉन सोडवायचे म्हटलं तर ती पांढरीफटक होईपर्यंत तापवावी लागते, आणि मग ती टिकत नाही. पण तिला बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा लेप दिला, निर्वातात नीट भाजला, की तार मंद लाल झाली तरी इलेक्ट्रॉन भराभरा सुटतात. हा लेप किती पातळ हवा, ढगाळ दिवशी किती वेळ ढवळायचा, हे माझ्या हाताला कळायचं. मग एलईडी आले, कारखान्याला टाळं लागलं आणि मी शिरवळला घरी बसून ब्लाउज शिवायला लागले. त्या दिवसांत मी फार चिडचिडी झाले होते असं माझा मुलगा सांगतो. तो परदेशात असतो, रविवारी फोन करतो आणि तिथलं हवामान सांगतो.

तर एके दिवशी डॉ. हेमांगी टिपणीस दारात उभ्या. पायातल्या चपलाही न काढता म्हणाल्या, "खुटवडबाई तुम्हीच ना? लेप लावायच्या?"

"लावायचे," मी म्हटलं. "आता कोण विचारतंय."

"मी विचारतेय."

त्यांनी मला माझ्याच ओट्यावर बसून समजावलं ते असं. लहान उपग्रहांना आता विजेचं इंजिन असतं. झेनॉन वायूच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, उरलेला धन कण विजेच्या जोराने मागे फेकायचा, की उपग्रह पुढे सरकतो. ढकल अगदी बारीक, तळहातावर कागदाचा कपटा ठेवल्याएवढी, पण महिनोन्‌महिने चालू राहिली की काम करते. गोम अशी की धन कण बाहेर जातात आणि काढून घेतलेले इलेक्ट्रॉन घरातच राहतात. उपग्रह ऋण होत जातो आणि बाहेर टाकलेल्या धन कणांना परत आपल्याकडे ओढतो. म्हणजे फेकलेलं सगळं उलट अंगावर, आणि ढकल शून्य. म्हणून इंजिनाशेजारी एक तार लागते. जेवढे धन कण गेले तेवढे इलेक्ट्रॉन तिने मागोमाग सोडायचे. मोठ्या उपग्रहांत यासाठी वेगळा गॅस आणि भरपूर वीज असते. चपलांच्या खोक्याएवढ्या उपग्रहात ती कुठून आणणार? तिथे माझी मंद लाल तार चालते.

"म्हणजे पाठराखीण," मी म्हटलं. नवरी एकटी सासरी जायला नको म्हणून सोबत कुणीतरी धाडतात ना, तशी. मॅडम हसल्या आणि तेच नाव आमच्या कारखान्यात पडलं. परदेशी पाहुणेसुद्धा आता पाठराखीण म्हणतात, थोडं अडखळतात इतकंच.

मॅडमचा हा कारखाना शिरवळच्याच एमआयडीसीत, माणसं अकरा. त्यातली शर्वरी भोईटे मूळची फलटणची, वय सत्तावीस, आणि राहायला माझ्याच घरी वरच्या खोलीत. लेप मी लावायचा, आणि निर्वात पेटीत तार भाजून तिला जागं करायचं ते शर्वरीने. तिला माझ्या हातचं पिठलं आवडायचं आणि भांडी घासायचा कंटाळा यायचा. संध्याकाळी ती उशिरा आली तर मी जिन्यातून हाक मारायची, "जेवलीस का?" आणि ती म्हणायची, "बोला तुम्ही." म्हणजे जेवली नाही, भूक लागलीये, आणि जेवताना गप्पा हव्यात. तीन वर्षं हे असंच चाललं. मला मुलगी नाही. ही असती तर चाललं असतं असं मनात यायचं, उगाच कशाला खोटं बोलू.

आमच्या दोन पाठराखिणी टिटवीवर गेल्या. टिटवी म्हणजे घाटातल्या दरडींवर नजर ठेवणारा उपग्रह. डोंगराचा उतार बोटभर सरकला तरी तिला कळतं आणि खालच्या गावांना निरोप जातो. एवढं बारीक दिसायचं तर फार खालून उडावं लागतं, आणि तिथे विरळ का होईना, हवा असते. ती हवा उपग्रहाला सारखी मागे ओढते. इंजिन बंद पडलं की टिटवी महिन्याभरात खाली येऊन जळून जाणार. मार्चमध्ये ती वर गेली. वरंध घाटाखाली माझं माहेर आहे, भाऊ अजून तिथेच राहतो, त्यामुळे मला त्या टिटवीचं जरा जास्तच कौतुक होतं.

जूनच्या अकरा तारखेला पहिल्या पाठराखिणीने मान टाकली. आठवडाभर तिचा प्रवाह घसरत होता, त्या दिवशी शून्यावर आला. टिटवी रोज दीड-दोन किलोमीटर खाली यायला लागली. आता राखीव म्हणून ठेवलेली दुसरी तार पेटवायची. पण पहिली का गेली हे न कळता दुसरी पेटवली तर तीही जाईल, म्हणून मॅडमनी आधी बैठक बोलावली.

शर्वरी उभी राहिली. तोंड उतरलेलं होतं, पण आवाज सरळ. "कारण मी आहे," ती म्हणाली. "या दोन तारा भाजताना मी नेहमीपेक्षा तीस अंश जास्त ताप दिला. दिवाळीच्या आत द्यायच्या होत्या म्हणून. मॅडमना विचारलं होतं, पण आग्रह माझा होता. लेपातलं बेरियम तेव्हाच उडून गेलं असणार. दुसरी तारही तशीच अर्धपोटी असेल. तिला कमी तापावर, अगदी जपून चालवली तर थोडे दिवस निघतील."

"खंडेनवमीच्या दिवशी नोंदयंत्रात चाळीस मिनिटं कोरी आहेत," मॅडम म्हणाल्या. "ते काय?"

"गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. वीज गेली की पेटीची झडप आपोआप बंद होते, आतलं निर्वात हलत नाही. त्याने काही झालेलं नाही."

मी तिच्या शेजारी बसले होते. वीज गेली नव्हती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

खंडेनवमीला काय झालं ते सांगते. आमच्याकडे त्या दिवशी यंत्राला काम सांगत नाहीत. यंत्र बंद करायचं, पुसायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. स्वच्छ खोलीत, म्हणजे जिथे धुळीचा कणही चालत नाही तिथे, हळदीकुंकू न्यायची बंदी होती आणि ती मी मोडली नाही. पण पेटीचा पंप आणि त्याचे खटके बाहेरच्या खोलीत आहेत. बाकीचे लोक जेवायला गेले होते. मी पूजेचं ताट घेऊन पंपापुढे उभी राहिले आणि तीस वर्षांच्या सवयीने हात आपसूक गेला. आधी सगळे खटके बंद केले, नोंदयंत्रासकट. आणि जुन्या कारखान्यात पंप बंद केला की त्याचं तेल उलटं नळीत चढू नये म्हणून हवेची कॉक उघडायची असते, तीही उघडली. पेटीची झडप वीज गेली तरच मिटते, हाताने खटके बंद केले तर उघडीच राहते. आरती म्हटली. नारळ फोडला. मग कुंकवाचं बोट पंपाला टेकवताना नळीतून हवा आत जातानाची बारीक शीळ ऐकू आली.

आत टिटवीच्या दोन तारा भाजून, तपासून ठेवलेल्या होत्या. जागी झालेली तार म्हणजे ओली बाळंतीण, तिला हवेतली ओल बाधते. मी कॉक बंद केली, पंप सुरू केला. काटा जागेवर यायला अर्धा तास लागला. आला. मग नोंदयंत्र लावलं. मी स्वतःला सांगितलं, दहा-बारा मिनिटं तर होती, काय होतंय. पंप बंद करायचा नाही, ही भिंतीवरची पाटी माझ्याच अक्षरात आहे. कुणाला काही बोलले नाही.

बैठकीत बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण जीभ रेटेना, आणि मग मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. परवा सकाळी दहाला कमी तापाचा हुकूम पाठवू," आणि सगळे उठले.

त्या संध्याकाळी शर्वरी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी बळेच ताट वाढलं, तशी ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "काकू, मी बंगळूरला नाही म्हणून कळवणार आहे."

बंगळूरच्या एका संस्थेने तिला बोलावलं होतं, उपग्रहांची इंजिनं चालवणाऱ्या गटात. गेले सहा महिने ती त्याचीच वाट बघत होती.

"का गं?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? मी तापाचा आकडा चुकवला म्हणून एक उपग्रह जळला, हे सांगून? इथेच राहते. निदान तुमच्या हाताखाली नीट शिकेन."

आणि मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. वरची खोली रिकामी होणार नाही, जिन्यातून हाक मारायला कुणीतरी राहील, हे आधी मनात आलं, आणि नंतर मी तिच्या ताटाकडे पाहिलं. तिने एक घासही खाल्ला नव्हता. मी तिला आणखी भाजी वाढली. हे करताना माझी मलाच किळस आली, तरी मी बोलले नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. लाज गेली चुलीत, पण कामाचं काय? बेरियम उडालेली तार आणि ओल खाल्लेली तार, दोघींचा इलाज अगदी उलटा असतो. उडालेलीला कमी तापावर जपायचं. ओल खाल्लेलीला कमी तापावर चालवली तर ओल तशीच राहते, इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत. आणि घाईने तापवली तर लेप वितळून फसफसतो, पोपडे धरून गळून पडतो. पहिलीचं नेमकं तेच झालं असणार. डॉक्टरला खरं दुखणं सांगितलंच नाही तर तो औषध काय देणार? शर्वरीच्या हुकुमाने दुसरी तारही वाया जाणार होती, आणि पावसाळ्याच्या तोंडावर टिटवी खाली येणार होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. शर्वरी तिथेच हुकूम तपासत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खटके, कॉक, आरती, शीळ.

मॅडमनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "बाई, आठ महिने झाले."

"हो."

"ती पाटी तुम्ही लिहिलीये."

"हो, मॅडम."

त्यांनी हात पुढे केला. मी गळ्यातलं स्वच्छ खोलीचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. शर्वरीने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. पडद्यावरचा हुकूम तिने पुसून टाकला आणि विचारलं, "किती वेळ हवा आत होती?"

"दहा-बारा मिनिटं."

"दहा की बारा?"

"आरती झाली तेवढा वेळ."

"कुठकुठल्या?"

"गणपतीची, देवीची, मग कापूर, मंत्रपुष्पांजली, आणि नारळ."

तिने फोन काढून टेबलावर ठेवला. "म्हणा."

"आत्ता?"

"त्या दिवशी जशा म्हटल्यात तशा. त्याच चालीत, त्याच लयीत. मी वेळ लावते."

मॅडमच्या केबिनमध्ये, ट्यूबलाइट नसलेल्या त्या पांढऱ्या उजेडात, मी टाळ्या वाजवत गणपतीची आरती म्हटली. मॅडम जमिनीकडे बघत होत्या. देवीच्या आरतीत माझा आवाज फुटला, तशी शर्वरी म्हणाली, "थांबू नका, वेळ चुकेल." मी थांबले नाही. नारळ फोडायला दोन फटके लागले होते, तेही हवेत मारून दाखवले. अकरा मिनिटं वीस सेकंद. मग तिने त्या दिवसाची हवामानाची नोंद काढली. परतीचा पाऊस सकाळीच येऊन गेला होता, हवेत ओल एक्याऐंशी टक्के.

"तीन नव्या तारा करू," ती मॅडमना म्हणाली. "तेवढीच ओल, तेवढाच वेळ. त्यांच्यावर इलाज सापडला तर टिटवीवर पाठवू. तीनपेक्षा जास्त करायला वेळ नाही."

टिटवीला आठ-नऊ दिवस उरले होते. त्यानंतर ती इतकी खाली आली असती की इंजिन चालूनही वर चढता येणार नव्हतं.

माझं कार्ड मॅडमनी दिलं नाही. मी काचेबाहेर खुर्ची टाकून बसले आणि आतल्या दोघींना, मॅडमना आणि शर्वरीला, लेपाचं सांगत राहिले. इलाजही मलाच माहीत होता, हे त्यातलं विचित्र. ट्यूबच्या कारखान्यात पावसाळ्यात पंप बंद पडला की तारा ओल खायच्या. आमचे मास्तर त्या टाकू द्यायचे नाहीत. आधी नुसतं कोमट, तासन्‌तास. ओल सुटली की थोडं वर, पुन्हा थांबायचं. तार लाल व्हायला लागली की मग मात्र नेहमीपेक्षा जास्त ताप, पण घटकाभरच, म्हणजे लेपात नवं बेरियम तयार होतं. याला आम्ही पावसाळी शेक म्हणायचो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पहिल्या तारेचा लेप आमच्या डोळ्यांदेखत फसफसून सुटला. शर्वरीने ताप तासाला तीस अंशांनी वाढवला होता. "मास्तरांना घाई नसायची," मी काचेपलीकडून म्हटलं. तिने मान हलवली आणि दुसऱ्या तारेला दहावर आली. लेप टिकला, पण प्रवाह मिळमिळीत. शेवटचा जास्तीचा ताप द्यायला ती कचरली होती. आधीच्या तीस अंशांची भीती तिच्या मनातून गेली नव्हती. मी काचेवर टकटक केली.

"तुझे तीस अंश बरोबर होते, शर्वरी," मी म्हटलं. "चूक माझी होती. दे ताप."

तिसऱ्या तारेला तिने दिला. प्रवाह उभा राहिला आणि सबंध दिवस तसाच राहिला.

त्या दिवसांत ती माझ्याशी फक्त कामाचं बोलली. घरी यायची, सरळ वर जायची. मी जिन्यातून हाक मारायची आणि उत्तर यायचं नाही. झाकून ठेवलेलं ताट सकाळी तसंच असायचं.

हुकूम गेला तेव्हा टिटवी दोनशे अठरा किलोमीटरवर होती. सगळा शेक एकतीस तासांचा. टिटवीचा निरोप दीड-दोन तासांनी एकदा यायचा आणि पडद्यावर दरवेळी शून्य. पंचवीस तासांनी शून्यच. एकोणतीस तासांनी दोन मिलिअँपिअर. सगळे खुर्च्यांवर ताठ बसले. पुढच्या फेरीला वीस. शर्वरीने इंजिन सुरू करायचा हुकूम दिला, आणि त्याच्या पुढच्या फेरीला मॅडम म्हणाल्या, "घसरण थांबली." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शर्वरी उठली, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि आत येऊन अहवाल लिहायला बसली. अहवालात माझं नाव, पूजा, कॉक, अकरा मिनिटं वीस सेकंद, सगळं आहे. खाली माझी सही आहे.

जुलैत माझ्या भावाच्या वाडीला टिटवीचा निरोप आला, वरचा उतार सरकतोय. चौदा घरांतली माणसं आणि जनावरं खालच्या शाळेत हलवली. चार दिवसांनी दरड आली ती रिकाम्या गोठ्यांवर. भावाने फोनवर रडत सांगितलं. मी हे शर्वरीला सांगितलं नाही. तिला वाटलं असतं, म्हातारी आपली चूक धुऊन काढतेय.

ऑगस्टमध्ये ती बंगळूरला निघाली. दोन बॅगा दारात आणून ठेवल्या, गाडी यायची होती. तेव्हा बोलली.

"काकू, कॉक उघडलीत याचा मला राग नाही. हाताची सवय असते, माझ्याही हातून झालं असतं. पण दोन दिवस तुम्ही माझ्या ताटात भाजी वाढत होतात, आणि गप्प होतात."

"हो," मी म्हटलं.  तू जाऊ नयेस असं वाटलं होतं, हेही मी सांगून टाकलं. ते ऐकून तिने बॅगेचा पट्टा उगाचच दोनदा आवळला. गाडी आली. ती वाकून नमस्कार करायला विसरली नाही, पण मागे वळून पाहिलं नाही. वरच्या खोलीला मी भाडेकरू ठेवलेला नाही.

मॅडमनी मला कामावर ठेवलं, स्वच्छ खोलीत मात्र वर्षभर बंदी. ते योग्यच होतं. लेप मी बाहेर ढवळते आणि आत दुसरे लावतात, माझ्याइतका चांगला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मॅडमनी विचारलं, पूजा करायची का? मी म्हटलं, करायची, पण चालू पंपाची. खटक्यांवर लाकडी पेटी बसवून तिला कुलूप घातलेलं होतं. मी झेंडूची माळ त्या पेटीला घातली. पंप खाली घरघरत होता. ताट हातात घेतलं आणि माझा फोन वाजला. शर्वरी. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

"पंप चालू आहे ना?" तिने विचारलं.

"चालू आहे. ऐक." मी फोन पंपाजवळ धरला. बराच वेळ धरला.

"बरं," ती म्हणाली. "आता म्हणा. मी वेळ लावते."

मी फोन नारळाला टेकवून ठेवला आणि दोन्ही आरत्या म्हटल्या, कापूर, मंत्रपुष्पांजली सगळं. पलीकडून काही आवाज नव्हता. मला वाटलं, फोन कट झाला. नारळ फोडला आणि फोन कानाला लावला.

"बारा मिनिटं पाच सेकंद," ती म्हणाली. "हळू झालात, काकू."

 मी नेहमीचंच विचारलं.

"जेवलीस का?"



"बोला तुम्ही," ती म्हणाली.